दोष लोणच्याचा नव्हता

मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जातो. आमच्या इंदिरानगरच्या घरापासून सेंटर रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. तिथल्या टेक्निशियन ताईंनी मागच्या महिन्यात माझ्या हातात एक कोरी वही दिली. म्हणाल्या, "काका, तुम्ही इथले जुने. नवे पेशंट येतात ते फार घाबरलेले असतात. तुमचा अनुभव लिहा, आम्ही झेरॉक्स काढून वाटू."

मी लिहिलं. चार पानं झाली. त्यात एक वाक्य असं होतं : 'घरी आल्यावर लोणच्याची एक फोड खाल्ली आणि पुन्हा आयसीयूत गेलो, म्हणून पथ्य सांभाळा.' माझी पत्नी शालिनी हिने ती पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "हे बरं केलंत. माझं नाव घातलंत तरी चालेल. दुसऱ्या बायका तरी सावध होतील."

ती पानं मी फाडून टाकली. आता दुसऱ्यांदा लिहायला बसलो आहे. माझं वय त्र्याहत्तर. खोटं दुरुस्त करायला यापेक्षा जास्त वाट पाहणं बरं नाही.

दोन जावई, दोन पाट

अधिक महिना आला की येवल्याहून माझ्या मेहुण्याचं, रमेशचं, बोलावणं येतं. त्याच्या घरात पैठणीचे दोन माग आहेत. धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी ते बंद ठेवतात आणि त्याच खोलीत जावयांचे पाट मांडतात. जावई दोघंच. थोरला मी. धाकटे वसंतराव, शालिनीच्या बहिणीचे, मालतीचे, यजमान. नांदगावला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे.

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. सासरे माझ्याशी अदबीने बोलायचे आणि वसंतरावांशी हसून बोलायचे. मला ते हसू हवं असायचं. माझ्या हेव्याची सुरुवात तिथून आहे. पुढे सासरे गेले, आम्ही दोघं म्हातारे झालो, दोघांचे गुडघे गेले, पण माझं वसंतरावांकडे तिरक्या डोळ्याने पाहणं काही गेलं नाही.

मागच्या अधिक महिन्यात जेवणात बासुंदी होती. रमेश वाढत होता. "थोरले दाजी, अजून एक वाटी?"

मी हात आडवा केला तसे वसंतराव म्हणाले, "राहू दे रे, सरकारी माणूस मोजून खातो. इकडं आण."

त्यांनी दोन वाट्या घेतल्या. म्हणून मी तीन घेतल्या.

आदल्या दिवशी वीज गेली होती, बासुंदी बाहेर राहिली होती, हे नंतर कळलं. पाच-सहा जणांना त्रास झाला. बाकीचे दोन दिवसांत उठले. आम्ही दोघं नाही उठलो. आम्ही दोघंही गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या कितीतरी महिने स्वतःच्या मनाने घेत होतो. उलट्या-जुलाब चालू असतानाही अंग दुखतं म्हणून घेत राहिलो. हे नीट वाचा. तुमच्या घरात कोणी असं करत असेल तर आजच डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या दिवशी शालिनी म्हणाली, "अहो, दवाखान्यात चला."

मी म्हटलं, "वसंतराव गेले का विचार."

तिने नांदगावला फोन लावला. पलीकडून मालती म्हणाली, "नाय गेले. म्हणतात, साडूभाऊ गेले का ते आधी विचार."

असा एक अख्खा दिवस आम्ही दोघांनी घालवला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं की आदल्या सकाळपासून मला लघवीच झालेली नाही. चौतीस वर्षं कालव्याचं पाणी मोजलेल्या माणसाला स्वतःचं पाणी थांबलेलं कळायला एक दिवस लागला.

शेजारच्या खाटेची पिशवी

"किडन्या बंद पडल्यात. सध्या," डॉक्टर म्हणाले. त्या 'सध्या'ला मी धरून राहिलो. जंतुसंसर्ग रक्तात गेला होता, रक्तदाब उतरत होता. पुढचे सहा दिवस मी व्हेंटिलेटरवर होतो. त्यातलं मला एवढंच आठवतं की कालव्याला पूर आलाय, दरवाजाची चकती फिरत नाही आणि मी कोणाला तरी ओरडून सांगतोय, पण तोंडातून आवाज निघत नाही. पुढे कित्येक महिने डोळा लागला की तो दरवाजा दिसायचा. आयसीयूतून आलेल्या बऱ्याच लोकांना असं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मी वेडा होतोय असं वाटून कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगा.

शुद्धीवर आलो तेव्हा शेजारच्या खाटेवर वसंतराव होते. त्यांना नांदगावहून त्याच रुग्णालयात आणलं होतं. बाहेर बाकड्यावर दोघी बहिणी एकाच डब्यातून जेवत होत्या. दोन्ही घरांचा जीव टांगणीला लागला होता.

आयसीयूत दिवस असा नसतोच. दिवे जळत असतात, यंत्रं वाजत असतात. पाणी प्यायला बंदी होती आणि तहान अशी की जीभ टाळूला चिकटायची. एक सिस्टर कापसाचा बोळा थंड पाण्यात बुडवून ओठांवरून फिरवायची. तेवढ्यासाठी मी तिची ड्यूटी कधी लागते याची वाट पाहायचो. तिचं नाव मला ठाऊक नाही. ती भेटली तर पाया पडेन.

खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकवलेली असते. तिच्यावर शंभर-शंभरच्या खुणा असतात. माझी पिशवी मला दिसत नसे, पण मान थोडी वळवली की वसंतरावांची दिसायची. खुणा वाचणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. एका सकाळी पाहिलं तर पाणी शंभराच्या वर गेलं होतं. दुपारी दोनशे. दुसऱ्या दिवशी सिस्टर आनंदाने ओरडली, "आजोबा, आठशे झाली! सुटलात तुम्ही!"

वसंतराव माझ्याकडे वळून हसले. "साडूभाऊ, आमचं धरण भरलं बरं का. तुमचं?"

मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. सिस्टरने सकाळी उचलून पाहिलेल्या माझ्या पिशवीत तळाशी चहाच्या रंगाचं बोटभर पाणी होतं. मरणाच्या दारातून दोघं परत आलो होतो आणि मी दुसऱ्याच्या लघवीचा हेवा करत होतो. लिहायला लाज वाटते. पण जे झालं ते असं.

आवक आणि जावक

महिन्याने घरी आलो. पाय चिंध्यांसारखे झाले होते. संडासच्या भांड्यावरून उठायला शालिनीचे दोन्ही खांदे धरावे लागायचे. केस पुंजक्याने गळायचे. शेजाऱ्याचं नाव आठवायचं नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं.

डॉक्टरांनी नियम सांगितला. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं पाणी, आणि वर अर्धा लिटर. एक मापाचं भांडं आणलं, एक वही केली. मी सवयीने दोन रकाने आखले : आवक, जावक. प्यायलेलं पाणी डावीकडे, लघवी उजवीकडे. रोज सकाळी शालिनी उजवा रकाना बघायची, हिशेब करायची आणि दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायची. एक घोट इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. स्वयंपाक आळणी. तो तीही खायची. मीठ वेगळं घेत जा म्हटलं तर म्हणायची, "तुम्हाला दाखवून खाऊ का?"

भांडं मात्र मी स्वतः मोजायचो आणि स्वतः ओतायचो. बायकोने ते पाहावं याची मला लाज वाटायची.

एके दिवशी दुपारी वसंतरावांचा फोन आला. "साडूभाऊ! डॉक्टरांनी डायलिसिसचं मशीन बंद केलं माझं. दीड लिटर होते आता रोज. लय मोकळं वाटतंय. तुमची किती?"

त्या दिवशी माझी अडीचशे होती. मी म्हटलं, "वाढतेय."

फोन ठेवला आणि वहीत चारशे लिहिलं.

कालव्यावर असताना शेतकऱ्यांनी किती गळ घातली की पाणी घेतलं त्याहून कमी दाखवा. चौतीस वर्षांत मी एक आकडा फिरवला नाही. तो मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या वहीत फिरवला. चारशेचे पाचशे झाले, पाचशेचे सातशे. आणि उजवा रकाना वाढला तशी शालिनी मला जास्त पाणी द्यायला लागली. हसत बाटली भरायची. "आज एक पेला जास्त बरं का!" तहानलेल्या माणसाला तो पेला नको म्हणवत नाही.

खरा आकडा कुठेच न लिहिणं मात्र मला जमेना. भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानामागे मी तो पेन्सिलीने लिहायचो. जुनी खोड.

डायलिसिसला वजन वाढलेलं दिसायचं. मी सांगायचो, भूक लागतेय, अंग भरतंय. रक्ताचे रिपोर्ट फारसे बरे नव्हते. पण वही पाहून डॉक्टर म्हणाले, "लघवी चांगली वाढलीय. आठवड्याला दोनवर आणून बघू. त्रास वाटला की लगेच या." मी त्या संध्याकाळी वसंतरावांना स्वतःहून फोन केला. आमचंही एक कमी झालं म्हणून.

लोणच्याची फोड

शालिनीचं कैरीचं लोणचं आमच्या गल्लीत नावाजलेलं होतं. दोन डायलिसिसच्या मधल्या तिसऱ्या दिवशी मी जेवताना हट्ट धरला. तोंडाला चव नाही, नुसती एक फोड दे. ती नको म्हणाली. मी ताट सरकवलं. तेव्हा तिने एक लहान फोड आणली, पाण्याखाली धुतली आणि पानात वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला श्वास घेता येईना. आडवं पडलं की बुडाल्यासारखं वाटायचं. पाय खांबासारखे सुजले होते. फुप्फुसात पाणी भरलं होतं. पुन्हा तेच रुग्णालय, पुन्हा आयसीयू.

डॉक्टरांनी विचारलं, "खारट काही खाल्लं का?"

शालिनी म्हणाली, "लोणच्याची फोड. मीच दिली."

झालं. कारण सापडलं. मालती भेटायला आली होती. दाराशी ती बहिणीला म्हणाली, "ताई, माझ्या माणसाला मी आळणी घालून उठवला. तुझ्याच्यानं एवढं झालं नाय?"

पडद्याच्या अलीकडे मी होतो. तोंडावर मास्क होता म्हणून बोललो नाही. तीन दिवसांनी मास्क निघाला, तरी बोललो नाही.

मी वाचलो. पण माझ्या किडन्या पुन्हा चालू झाल्या नाहीत. दुसऱ्या आजारपणाने गेल्या की जाणारच होत्या, ते डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. शालिनीने मात्र ठरवून टाकलं. लोणच्याच्या दोन्ही बरण्या तिने गल्लीत वाटून टाकल्या आणि पुन्हा कधी लोणचं घातलं नाही. पुढे मी सांगूनही मीठ घेतलं नाही. आळणी वरणभात माझ्यासमोर बसून खायची. नातेवाइकांत कोणी माझी चौकशी केली की ती स्वतःच सांगायची, "माझ्याच हातून चूक झाली." मी शेजारी बसून मान हलवत असे.

बरं होणं म्हणजे काय

नव्या पेशंटना खरं सांगतो. जगता येतं. मी नातीच्या शाळेच्या कार्यक्रमाला जातो, सकाळी कॉलनीच्या बागेत दोन फेऱ्या मारतो, पेपर वाचतो. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी पिळून काढल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी ठीक. पाणी मोजून, बटाटा उकळून पाणी टाकून, केळं नाही, शहाळं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो आणि आपण त्याच्याकडे पाहत बसतो.

सगळ्यात कठीण काय, तर दुसऱ्याकडे पाहणं. मागच्या हिवाळ्यात मी नांदगावला गेलो. दुकान आता वसंतरावांचा मुलगा बघतो. ते कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले. मी म्हटलं, "तुम्ही सुटलात बुवा."

ते हळू आवाजात म्हणाले, "कसला सुटलो. गिऱ्हाईक बियाणं मागतं, तर नाव आठवत नाय मला. दोन पायऱ्या चढलो की धाप लागते. डॉक्टर म्हणतात किडन्या पूर्वीसारख्या नाहीत, सहा महिन्यांनी तपासत राहा. पण लोक काय म्हणतात? वसंतराव, लय भारी उठले तुम्ही! तुमचं दुखणं लोकांना दिसतं, साडूभाऊ. आठवड्यातून दोनदा कोणी तरी विचारतं, कसे आहात. मला कोणी विचारत नाय. हेवा वाटतो तुमचा."

मला वाटलं, आता माझा हेवा जाईल. पण बोलता बोलता त्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि घटाघटा सगळा रिकामा केला. मोजलं नाही, बघितलंही नाही. मी त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिलो. हेवा गेला नव्हता.

सांगितलं

पहिली चार पानं फाडली त्याच दुपारी मी कपाटातून वही काढली आणि दिनदर्शिकेची जुनी पानं काढली. दोन्ही शालिनीसमोर ठेवली. "हे बघ. वहीतले खोटे आहेत. मागचे खरे."

तिने एकेक दिवस बोट ठेवून जुळवला. वहीत सातशे, पानामागे दोनशे चाळीस. खूप वेळ लागला तिला.

"म्हणजे जास्तीचं पाणी मीच तुम्हाला मोजून देत होते."

"हो."

"आणि मालती मला दाराशी काय बोलली, ते तुम्ही ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं."

"कशासाठी केलंत?"

"वसंतरावांचं मशीन बंद झालं म्हणून."

ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा चिडेल. तिने पानं नीट घडी करून माझ्या हातात दिली. "मला एकटीला सांगून काय होणार? जिथे माझी चूक म्हटली गेली तिथे सांगा. अधिक महिन्याचं बोलावणं आलंय रमेशचं." मग ती चार दिवस बोलली नाही. त्या शुक्रवारी मी सेंटरला पहिल्यांदा एकटा गेलो.

पुन्हा येवला

गेल्या आठवड्यात येवल्याला गेलो. माग बंद होते. या वेळी पाटांच्या जागी खुर्च्या आणि टेबल, आमच्या गुडघ्यांसाठी. रमेशच्या बायकोने ओवाळलं. दोघांपुढे अनारशांची ताटं ठेवली. मला त्यातला अर्धा अनारसा परवानगीचा.

वाढायला सुरुवात झाली तसा मी उभा राहिलो. म्हटलं, "लोणच्याने मी आजारी पडलो नव्हतो." आणि सगळं सांगितलं. पिशवी, फोन, वही, पेला. वसंतरावांकडे पाहून सांगायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. अनारशांकडे पाहून सांगितलं.

वसंतराव म्हणाले, "साडूभाऊ, लोक बंगल्यावर जळतात, गाडीवर जळतात. तुम्ही माझ्या लघवीवर जळलात?"

रमेश फिसकन हसला. त्याची बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. वसंतरावांनाही हसू आलं, पण ते लगेच थांबले. मालती वरणाचं पातेलं हातात धरून तशीच उभी होती. तिने ते टेबलावर ठेवलं.

"ताई, मी तुला त्या दिवशी..."

"असू दे," शालिनी म्हणाली. "तू ऐकलंस त्यावरून बोललीस. ज्यांना ठाऊक होतं ते बोलले नाहीत."

ती माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली. मला अजून माफ केलेलं नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दिसत राहील. तिने स्वतःचं ताट पुढे ओढलं.

"मालती, लोणचं आहे का गं?"

"आहे ना. यंदाचंच."

"वाढ मला. आणि मीठही."

मालतीने ताटाच्या डाव्या बाजूला मीठ वाढलं, शेजारी एक मोठी फोड ठेवली. लाल तेल ताटात जरासं पसरलं. शालिनीने भात कालवला, फोड उचलली आणि दाताने तोडली. आंबटाने तिचा एक डोळा मिटला.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. वसंतरावांच्या पिशवीकडे पाहून झाला नव्हता एवढा हेवा मला त्या फोडीचा झाला.

तिने दुसरी मागून घेतली.